ओढू नये

बेचाळीस वर्षं कोंबड्यांनी तिची सीट उबवली.
खुराड्याची मागची फळी काढली तेव्हा
हेडलाइटच्या वाटीत एक अंडं होतं,
कोणत्या सालचं, देव जाणे.
झ्बिन्येकने ते दोन बोटांत धरलं
आणि श्वास रोखून
बटाट्याच्या वाफ्यापलीकडे नेऊन ठेवलं,
बॉम्ब ठेवावा तसं.

जावा अडीचशे, एकोणीसशे छप्पन.
मालकीण ड्राहोमीरा, अकरा गावांची सुईण.
आई सांगायची, कळा सुरू झाल्या की
आधी टेकडीमागून दोन पुंगळ्यांचा आवाज यायचा,
आणि अर्ध्या बाया तिथेच धीर धरायच्या.
तिच्या भाच्याने गाडी मला दिली
जुन्या वॉशिंग मशिनच्या बदल्यात,
वर प्लमच्या दारूची एक बाटली,
ती त्यानेच संपवली.

पिस्टन जाम.
मी यिह्लावाच्या कारखान्यात लेथ चालवते,
हात उतावळे.
किकवर उभी राहिले, लांब पाइप अडकवला,
हातोडी शोधायला निघाले.
ट्रॅक्टर दुरुस्तीतली तीस वर्षं
एका जांभईत गुंडाळून झ्बिन्येक म्हणाला,
"डिझेल ओत. झाक. घरी जा."

रोज संध्याकाळी दांडा तळव्याने दाबून बघायचा.
ढिम्म.
पाचव्या दिवशी मी तिला आई-बहिणीवरून शिव्या घातल्या.
आठव्या दिवशी तो त्याच्या गुडघ्याबद्दल बोलत होता,
कोणता डॉक्टर काय म्हणाला वगैरे,
आणि माझ्या हाताखाली दांडा
केसभर
खाली गेला.
आम्ही दोघंही त्यावर बोललो नाही.
गुडघ्याची गोष्ट त्याने शेवटपर्यंत सांगितली.

मी पायाळू.
घरातल्या बाया म्हणत होत्या, ओढा, ओढा,
आणि ड्राहोमीरा स्टुलावर बसून
सफरचंद सोलत होती म्हणे.
"ओढू नये," एवढंच बोलली.
साल तुटू न देता.

भांडलो ते टाकीवरच्या पोच्यावरून.
तो म्हणे पुट्टी भरू, घासू, कारखान्यातून आली तशी करू.
मी म्हणे राहू दे.
दोन दिवस अबोला.
मग हत्यारांच्या पेटीत, तेलकट फडक्याखाली, तिची वही सापडली.
पेट्रोल आणि बाळं एकाच रकान्यात:
"चार लिटर. मुलगी, तीन किलो."
"प्लग बदलला. जुळे."
आणि जानेवारी त्रेसष्ट:
"पुलाजवळ बर्फावर पडले. टाकीला पोचा.
पुढे पायी. श्टेपानेकांकडे मुलगा.
काळानिळा. बऱ्याच वेळाने रडला."

झ्बिन्येक श्टेपानेकने वही दोनदा वाचली.
चष्मा पुसला.
पुट्टीचा डबा उघडून हुंगला.
"वाळलीय तशीही," म्हणाला,
आणि झाकण इतकं घट्ट लावलं
की ते आजवर निघालेलं नाही.

गाडी सुरू झाली ती वेळ पाहून नाही.
पॉइंट घासून झाले होते, मी चहासाठी निघाले होते, पायात नुसते मोजे,
सहज म्हणून किक मारली.
निळा धूर, कोंबड्या सैरावैरा,
आणि तो आवाज.
या गाडीला किक आणि गिअर एकच दांडा,
ज्याने उठवायचं त्यानेच पुढे न्यायचं.
मी मोज्यांनीच पहिला टाकला.

गिरणी, तळं, खालची वस्ती.
तिसऱ्या वळणावर पेट्रोल मांडीवर ठिबकू लागलं,
थांबले ते नेमकी ब्लाझेनाच्या दारात.
वय एक्क्याण्णव, एका कानाने बहिरी.
चुलीवर तिने मोठं पातेलं चढवलं होतं,
पाण्याला आधण येत होतं,
खुर्चीवर धुतलेल्या चादरी.
"कुणाची वेळ भरली?" तिने विचारलं.

"कुणाची नाही, ब्लाझेना. कार्बोरेटर गळतोय."

तिने माझ्या मोज्यांकडे पाहिलं.
मग एक चादर उचलून, टर्रकन फाडून,
चिंधी माझ्या हातात दिली.